सप्रेम भेटीचं पान

पोतं उलटं केल्यावर चौथंच पुस्तक हातात आलं आणि श्रीहरी पोतनीस रद्दीच्या ढिगावर तसेच बसून राहिले.

"काय झालं अंकल, कनखजूरा निघाला का?" परेशने वजनकाट्यामागून विचारलं.

"नाही रे, गोम नाही. पुस्तक मिळालं."

"तेच? ज्याच्यासाठी दोन साल झाले माझं डोकं खाऊन राहिले?"

पोतनिसांनी नुसती मान हलवली. दोन वर्षांच्या शोधानंतर माणसाने निदान हसावं, परेशला चहा पाजावा. पण त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं आणि पाण्याची बाटली तिथेच विसरून ते गल्लीबाहेर पडले.

इंदुरात सियागंजच्या मागच्या बाजूला परेशचं गोदाम आहे. शेजारीपाजारी सगळे किराण्याचे घाऊक व्यापारी, त्यामुळे तिथल्या रद्दीलाही हिंग आणि लाल मिरचीचा वास येतो. मराठी पुस्तकांचं पोतं आलं की परेश पोतनिसांना फोन करायचा. हे पोतं सहविचार वाचनालयाचं होतं. वाचनालय बंद पडून वर्षं झाली, पण त्याची पुस्तकं अजून कुठल्या कुठल्या माळ्यांवरून खाली येत होती.

पुस्तक लाल रेक्झिनमध्ये बांधलेलं होतं. रामभाऊ घोडगावकरांचा शेवटचा कवितासंग्रह, पहिली आवृत्ती, १९५३. शेवटच्या पानावर नानासाहेब वाघधऱ्यांचा गोल रबरी शिक्का. नानासाहेब आपल्या पुस्तकांवर कधी नाव घालत नसत, फक्त हा शिक्का मारत आणि तोही शेवटी. म्हणजे प्रत त्यांचीच, यात शंका नव्हती. पण पुढचं पान नव्हतं. मुखपृष्ठानंतर पुस्तकाचं नुसतं नाव छापलेलं जे पान असतं, त्याच्या जागी बोटभर रुंदीची एक पट्टी उरली होती. पान कोणीतरी फूटपट्टी ठेवून सरळ, सफाईने कापलं होतं. आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत, खाली कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: श्री. १२-४-८१.

ते 'श्री' पोतनिसांचं स्वतःचं होतं.

रामभाऊ आणि नानासाहेब ही इंदूरच्या मराठी मंडळींची जुनी जोडी. रामभाऊ संस्थानच्या दप्तरात कारकून, कविता करायचे. नानासाहेब शाळामास्तर, कथा लिहायचे. दोघांचा रिवाज असा की नवीन पुस्तकाची पहिली प्रत मित्राला, आणि त्या पहिल्या पानावर दोनचार ओळी. ओळी म्हणजे नुसती थट्टा. 'नानास: यातली सातवी कविता तुला आवडणार नाही. ती तुझ्यावरच आहे.' त्याला वर्षभराने उत्तर, 'रामास: नायिका ओळखीची वाटेल. वहिनींच्या हाती पुस्तक देऊ नकोस.' अशी नऊ पुस्तकं पोतनिसांनी तीस वर्षांत गोळा केली होती. सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. तिथे वॉशर आणि बेअरिंग मोजण्यात दिवस जायचा आणि रविवार जुनी पुस्तकं उकरण्यात. निवृत्त झाल्यावर सगळेच वार रविवार झाले.

दहावं पुस्तक हे. १९५१ साली दोघांचं बिनसलं. रामभाऊंच्या नव्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत नानासाहेबांनी म्हटलं की घोडगावकरांची कविता संस्थानाबरोबरच संपली. रामभाऊंनी प्रस्तावना परत पाठवली आणि अबोला धरला. पुढे तीन वर्षांनी ते गेले. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या स्मरणिकेत पोतनिसांनी आपल्या संग्रहावर लेख लिहिला, तेव्हा शेवट असा केला: 'दहावं पुस्तक मात्र रामभाऊंनी मित्राला दिलं नाही. राग ते सोबत घेऊन गेले.' हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडलं होतं. त्यांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं.

स्मरणिका निघाली आणि आठच दिवसांत फोन आला. रामभाऊंची मुलगी, सुनंदाताई. वय ऐंशीच्या पुढे, राहणं नातीकडे, शहराबाहेर राऊला.

"पोतनीस, तुम्ही तर बाबांना पार खुन्नसवाले करून टाकलं. पुस्तक दिलं होतं हो त्यांनी. मी स्वतः नेऊन दिलं होतं."

"ताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण प्रत हाती आल्याशिवाय कसं लिहू?"

"मग शोधा."

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता त्यांचा फोन यायचा. "मिळालं का?" एवढंच विचारायच्या. नाही म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून द्यायच्या. रागावल्या असत्या तर पोतनिसांना सोपं गेलं असतं.

आज गुरुवार होता.

घरी आल्यावर पोतनिसांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, मग कपाटात ठेवलं, मग कपाटातून काढून परत टेबलावर ठेवलं. बायको मधुरिमा मेथी निवडत बसली होती. तिने आधी मिरचीचा वास लागलेला शर्ट बाहेर दोरीवर टाकायला लावला.

"अहो, काय चक्कर लावून राहिले? बसा ना एका जागी. तुम्हाला पाहूनच मला थकवा येऊन राहिला."

"मिळालं ते पुस्तक."

"अरे वा. मग तोंड का असं?"

ते गच्चीवर गेले, खाली आले, परत गेले. डोळ्यांसमोर वाचनालयाची मागची खोली येत होती. विशीत ते रविवारी तिथे बांधणीचं काम करायचे, आवड म्हणून. पुस्तकं शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा आणि आत पेन्सिलीने आपलं नाव घालायचं, म्हणजे बांधणी सुटली तर कोणाची ते कळेल. चिटणिसांचा एक कडक नियम होता. देणगीत आलेल्या पुस्तकात ज्या पानावर हाताने काही लिहिलेलं असेल ते पान कापून टाकायचं. कारण एकदा कोणाचा तरी नातू वाचनालयात आला होता आणि "यावर आमच्या आजोबांचं नाव आहे, पुस्तक आमचं आहे" म्हणून तीन पुस्तकं उचलून घेऊन गेला होता. कोरं पान मात्र कापायचं नाही, कारण त्यावर तारखांची चिठ्ठी चिकटवायची सोय होते.

नानासाहेब १९७९ साली गेले. त्यांची बरीचशी पुस्तकं घरच्यांनी वाचनालयाला दिली. पोतनिसांनी दर रविवारी सहासात, अशी चार वर्षं पुस्तकं बांधली होती. कपाटातली नऊ वाचली ती केवळ वाचनालयाच्या दारात न गेल्यामुळे. ज्या हातांनी तीस वर्षं गोळा केलं, त्याच हातांनी आधी किती पानं केराच्या टोपलीत घातली असतील, हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर निघेना. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली.

चार वाजता खाली फोन वाजला. ते गच्चीवरच थांबले. वाजून वाजून थांबेल असं वाटलं होतं, पण मधुरिमाने उचलला. जिन्यात तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"हो ताई, मिळालं ना. आजच मिळालं. ते सांगणारच होते तुम्हाला... हो, हो, रविवारी घेऊन येतील. मी पाठवते त्यांना."

पोतनीस जिना उतरून आले तेव्हा ती खुशीत होती. "किती रडल्या बिचाऱ्या. मी सांगून टाकलं, रविवारी येतील. ठीक केलं ना?"

"ठीक केलं," पोतनीस म्हणाले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी एक गोष्ट केली जी ते नंतर कोणाला सांगणार नव्हते. त्याच काळातल्या एका फाटक्या पुस्तकाचं कोरं पान त्यांच्याकडे होतं. टाक होता, शाई होती. तीस वर्षं ते अक्षर भिंगाखाली पाहिलेलं. त्यांनी लिहिलं, 'नानास:' आणि थांबले. मग पुढे लिहिलं, 'प्रस्तावना बरोबर होती. तरी पुस्तक वाच.' अक्षर इतकं हुबेहूब आलं की त्यांच्याच अंगावर काटा आला. मधुरिमा चहा घेऊन आली, मागून वाकून पाहिलं.

"हे रामभाऊंचं ना? आणखी एक मिळालं का?"

ही बाई रोज ती पुस्तकं पुसून ठेवते. ती फसली म्हणजे मंडळ फसेल, आणि सुनंदाताईंना तर धड दिसतही नाही. हे पान त्या पट्टीवर चिकटवायला दहा मिनिटं पुरली असती. ताई सुखाने डोळे मिटतील, लेख दुरुस्त होईल, पोतनिसांचा संग्रह पुरा होईल. कोणाचं काय बिघडणार होतं? ते टेबलाशी बराच वेळ बसले. मग स्वयंपाकघरात गेले, पान गॅसवर धरलं आणि राख सिंकमध्ये धुऊन टाकली. दोन्ही रात्री त्यांना झोप लागली नाही आणि शनिवारी तर मधुरिमा चिडून दुसऱ्या खोलीत निजली.

रविवारी अकराच्या सुमारास ते स्कूटरवरून राऊला पोचले. नवीन कॉलनी, सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. सुनंदाताईंची नात आर्या हिने दार उघडलं.

"या ना अंकल. आजी कधीची वेट करून राहिली. सकाळपासून दोनदा साडी बदलली तिने."

"काहीही सांगते," आतून आवाज आला. "एकदाच बदलली. या, पोतनीस. आणलं?"

सुनंदाताई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. पोतनिसांनी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते आधी नाकाशी नेलं.

"मिरचीचा वास येतोय."

"सियागंजात होतं, ताई."

"असू दे." त्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिल्या. "अकरा वर्षांची होते मी. बाबांनी पुस्तक अखबारात गुंडाळलं, वरून सुतळी बांधली. म्हणाले, रस्त्यात उघडायचं नाही. नाही उघडलं. नानाकाका ओट्यावर दात घासत बसले होते. त्यांनी घेतलं आणि सरळ आत गेले. मी उभीच, म्हटलं काही जवाब देतील. काकूंनी हातावर गूळ ठेवला, म्हणाल्या जा बेटा घरी. घरी आले तर बाबा दारातच. काय म्हणाला नाना? मी सांगितलं, काही नाही. त्यानंतर बाबांनी एकदाही विचारलं नाही. आठ महिन्यांनी गेलेच."

आर्या चहा ठेवून तिथेच उभी राहिली. तिनेही ही गोष्ट अशी सलग कधी ऐकली नसावी.

"वाचा आता," सुनंदाताई म्हणाल्या. "काय लिहिलंय बाबांनी?"

पोतनिसांनी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात ताईंनी स्वतःच पुस्तक उघडलं आणि त्यांचं बोट शिवणीपाशी जाऊन अडलं. ते त्यांनी वरपासून खालपर्यंत सावकाश नेलं.

"हे काय? इथे काही कापलंय का?"

"हो, आजी," आर्या वाकून म्हणाली. "एक पेज कटलंय. पट्टी उरलीये फक्त."

सुनंदाताईंचं बोट त्या पट्टीवरच होतं.

"म्हणजे नानाकाकांनी कापलं," त्या शेवटी म्हणाल्या. "बाबांनी दिलं, आणि त्यांनी लिहिलेलं पान तेवढं कापून फेकलं. पुस्तक ठेवून घेतलं."

"किती गलत आहे हे," आर्या म्हणाली.

"जाऊ दे. बाबांच्या मनात राग नव्हता, एवढं तर झालं. राग यांचा होता. पोतनीस, असंच लिहा तुम्ही स्मरणिकेत."

पोतनिसांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. नानासाहेबांना जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्यांची मुलगीही आता नव्हती. तक्रार करायला मागे कोणी नव्हतं, आणि ताईंना हवं ते त्यांना मिळालं होतं. पोतनिसांनी चहाचा कप उचलला. न पिताच परत ठेवला.

"ताई, नानासाहेबांनी नाही कापलं. मी कापलं."

"तुम्ही?"

त्यांनी सगळं सांगितलं. वाचनालय, रविवारची बांधणी, चिटणिसांचा नियम, मागच्या पुठ्ठ्यावरचं आपलं पेन्सिलीतलं नाव. सांगताना ते खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. आर्याने मागचा पुठ्ठा उघडून ते नाव मोठ्याने वाचलं, तारखेसकट.

सुनंदाताई हिशेब लावत असाव्यात. "लिहिलेलंच पान कापत होते ना तुम्ही? कोरं नाही?"

"कोऱ्या पानाला हात लावायचा नाही, असंच होतं. आणि नानासाहेब पुढच्या पानावर स्वतः काही लिहीत नसत. त्यांची चाळीस पुस्तकं पाहिलीत मी."

"म्हणजे लिहिलेलं होतं. बाबांनीच."

"होतं ताई. नक्की होतं."

"आणि तुमच्या हातात येईपर्यंत ते पान जागेवर होतं."

"जागेवर होतं."

"म्हणजे नानाकाकांनी सव्वीस वर्षं जपलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. "आणि मी बाबांना सांगून टाकलं, काही नाही म्हणाले."

मग त्यांनी एकदम मान वर केली. चेहरा बदलला होता, त्यात आशा होती.

"मग कापताना तुम्ही वाचलं असेल."

"नाही ताई."

"एखादी ओळ तरी. आठवून पाहा. जल्दी काही नाही."

"मी वाचतच नव्हतो. ढीग असायचा समोर. फूटपट्टी ठेवायची, पातं फिरवायचं, पुढचं घ्यायचं. रामभाऊ कोण, हेही तेव्हा मला माहीत नव्हतं."

"एक शब्दही नाही?"

"एकही नाही."

सुनंदाताई मागे टेकल्या. "मी नाही उघडलं, तुम्ही नाही वाचलं," त्या हळू म्हणाल्या. "मला तुमचा राग येऊन राहिला आहे, पोतनीस. खूप येऊन राहिला आहे."

"यायलाच पाहिजे."

"यायलाच पाहिजे म्हणून सुटू नका. आर्या, पेन दे त्यांना."

आर्याने टीव्हीखालच्या खणातून निळं बॉलपेन काढून दिलं.

"लिहा."

"कागद—"

"कागद नको. पुस्तकात लिहा. स्मरणिका लोक चाळतात आणि मग त्यावर पोहे खातात. इथे लिहा, त्या पट्टीनंतरच्या पानावर. जे झालं ते लिहा."

पोतनिसांच्या घरी पाहुण्यांना हात धुतल्याशिवाय पुस्तकाला बोट लावता येत नव्हतं. कपाटाजवळ पेन नेलं म्हणून ते एकदा साडूला घालून पाडून बोलले होते. आता ते निळं पेन हातात घेऊन ते सत्तर वर्षांच्या पिवळ्या पानावर वाकले. रामभाऊंच्या छापील नावाच्या वर जागा होती. अक्षर वाकडं येत होतं. ते लिहीत गेले आणि ताईंनी सांगितलं म्हणून लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेले.

"या पानाआधी एक पान होतं. त्यावर रामभाऊ घोडगावकर यांनी आपले मित्र नानासाहेब वाघधरे यांना लिहिलं होतं. नानासाहेबांनी ते अखेरपर्यंत ठेवलं. ते पान मी कापलं. त्यावर काय होतं, ते मी वाचलं नाही."

"कोणी नेऊन दिलं, ते?"

त्यांनी कडेला लिहिलं, 'हे पुस्तक सुनंदाने नेऊन दिलं होतं.'

"आता नाव घाला. पुरं घाला. उद्या कोणाच्या हाती पडलं तर कळलं पाहिजे कोण ते."

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख घातली. पेनाचं टोपण लावून ते आर्याला परत दिलं.

"हे माझ्याकडे राहील," सुनंदाताई म्हणाल्या.

"हो, ताई."

घरच्या कपाटात नवव्या पुस्तकाच्या शेजारी त्यांनी जागा करून ठेवली होती. ती आता तशीच राहणार होती. ते उठायला लागले तशी ताईंनी हात पुढे करून त्यांना थांबवलं.

"वाळलं का?"

"बॉलपेन आहे, ताई. लगेच वाळतं."

"तरी जरा उघडं राहू दे," त्या म्हणाल्या. "बसा."

पोतनीस परत बसले. पुस्तक ताईंच्या मांडीवर उघडं होतं, आणि चहा निवेपर्यंत ते दोघं तसेच बसून राहिले.